विम्बल्डनचा सातबारा कोणाच्या नावावर?

इंग्लिश फुटबॉलमधला १९८८ चा एफए कप कोणी जिंकला, हा प्रश्नमंजूषेतला सोपा प्रश्न. उत्तर आहे विम्बल्डन. (टेनिसचं विम्बल्डन ते हेच, दक्षिण लंडनमधलं. आज मात्र टेनिसचं नाव काढायचं नाही.) पण तो क्लब आज कुठे आहे असं विचारलं, की गाडी अडते. कंपनीच्या कागदांचा माग काढत गेलात, तर विम्बल्डनपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स शहरात जाऊन पोचाल. माणसांच्या मागे गेलात, तर दक्षिण लंडनमध्येच, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर थांबाल. आणि कपाची प्रतिकृती शोधत गेलात, तर या दोन्ही ठिकाणी न पोचता मर्टन नावाच्या नगरपालिकेच्या दारात उभे राहाल, कारण २००७ साली ती तिच्या हवाली करण्यात आली.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी ‘क्लब’ या शब्दाची गाठ सोडवायला हवी. आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन-चार वेगवेगळ्या वस्तू बांधलेल्या असतात. कायद्याच्या लेखी इंग्लंडमधला व्यावसायिक क्लब ही एक कंपनी असते. तिचे शेअर असतात, मालक असतो, कर्ज असतं. या कंपनीकडे साखळी स्पर्धेतली एक जागा असते, सदस्यत्वाचा एक हक्क. सामने खेळायचे आणि टीव्हीच्या पैशातला वाटा घ्यायचा, तो या हक्कावर. त्याशिवाय एक मैदान असतं, ते कधी कंपनीचं, कधी भाड्याचं. आणि आजोबांचा हात धरून त्या मैदानात आलेली माणसं असतात. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. एरवी या सगळ्याची मोट इतकी घट्ट बांधलेली असते, की आत वेगवेगळे जिन्नस आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. विम्बल्डनची मोट सुटली. म्हणून क्लब म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. १८८९ साली एका स्थानिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स’ नावाचा संघ काढला. खेळायचे विम्बल्डन कॉमन या मोकळ्या सार्वजनिक माळावर आणि कपडे बदलायला जायचे जवळच्या ‘फॉक्स अँड ग्रेप्स’ या पबमध्ये. १९१२ मध्ये त्यांना प्लाउ लेन नावाच्या रस्त्यावर हक्काचं मैदान मिळालं. पुढची पन्नास वर्षं हा हौशी संघच होता, म्हणजे खेळाडूंना पगार नाही. १९६३ साली त्यांनी हौशी संघांचा राष्ट्रीय कप जिंकला. अंतिम सामन्यात सटन युनायटेडवर ४-२ अशी मात केली आणि चारही गोल एडी रेनॉल्ड्स या एकाच खेळाडूने केले, तेही सगळे डोक्याने. पुढच्याच वर्षी क्लब व्यावसायिक झाला.

आता इंग्लिश फुटबॉलच्या शिडीबद्दल थोडं. सगळ्यात वरच्या पायरीवर देशातले मोठे क्लब, त्याखाली दुसरी श्रेणी, मग तिसरी, चौथी आणि त्याखाली प्रादेशिक साखळ्यांच्या कितीतरी पायऱ्या. हंगामाच्या शेवटी वरचे काही संघ एक पायरी चढतात, तळाचे काही उतरतात. तत्त्वतः गल्लीतला संघही जिंकत जिंकत पार वर पोचू शकतो. १९८७ पूर्वी मात्र या शिडीत एक दार होतं आणि ते आतून बंद असायचं. वरच्या चार श्रेण्या म्हणजे ‘फुटबॉल लीग’. तिथे बाहेरच्या संघाला नुसतं जिंकून प्रवेश मिळत नसे. सदस्य क्लब मतदान करायचे आणि बहुतेक वेळा आपल्यातल्याच जुन्या, तळाला गेलेल्या भिडूला पुन्हा आत ठेवायचे. विम्बल्डनने लीगबाहेरची सदर्न लीग सलग तीन वर्षं जिंकली. १९७५ च्या एफए कपमध्ये पहिल्या श्रेणीतल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवलं. त्यानंतर लीड्ससारख्या बलाढ्य संघाला त्यांच्या घरी बरोबरीत रोखलं. त्या सामन्यात गोलरक्षक डिकी गाय याने पीटर लॉरिमरची पेनल्टी अडवली होती. एवढं केल्यावर १९७७ मध्ये मतदारांचं मन वळलं आणि वर्किंग्टन नावाच्या क्लबच्या जागी विम्बल्डनला आत घेतलं गेलं.

ही ‘जागा’ लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांनी सगळा तंटा हिच्यावरूनच होणार आहे.

आत आल्यावर नऊ वर्षांत विम्बल्डन चौथ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत पोचलं. हा वेग आजही अविश्वसनीय वाटतो. डेव्ह बॅसेट प्रशिक्षक होते. पैसा नव्हता, मैदान जुनाट होतं, खेळ बघायला देखणा अजिबात नव्हता. चेंडू लांब आणि उंच मारायचा, समोरच्याला धक्काबुक्कीने हैराण करायचं, अशी पद्धत. आपसात खेळाडूंच्या खोड्या इतक्या, की ‘क्रेझी गँग’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. मोठ्या क्लबांचे चाहते नाकं मुरडायचे. खरं सांगायचं तर मीही त्यांचे सामने आवडीने पाहू शकलो नसतो. पण दांडगाईचा संघ म्हणून त्यांना बाजूला सारणं सोपं आहे. पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात ते सहावे आले होते, आणि नुसत्या दांडगाईवर तिथे कोणी सहावं येत नाही.

१४ मे १९८८. वेम्बली स्टेडियम, ९८,२०३ प्रेक्षक. समोर त्याच हंगामाचा साखळी विजेता लिव्हरपूल. सदतिसाव्या मिनिटाला डेनिस वाइजने डावीकडून फ्री किक आत टाकली आणि लॉरी सँचेझने डोक्याने चेंडू हलकेच वळवला. १-० झाले. दुसऱ्या सत्रात लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली, तीही जरा उदार मनाने दिलेली. चित्रफीत पाहिली तर विम्बल्डनचा बचावपटू गुडइयर याचा पाय आधी चेंडूलाच लागलेला दिसतो. चेंडू ठेवला जॉन ऑल्ड्रिजने. त्या हंगामात तो पेनल्टी चुकवत नव्हता. धावत येताना मध्येच क्षणभर अडखळल्यासारखं करायचं आणि गोलरक्षक कुठे झुकतो ते बघून दुसऱ्या बाजूला मारायचं, ही त्याची युक्ती. गोलमध्ये डेव्ह बीझंट, सहा फुटांहून उंच आणि संघाचा कर्णधार. तो त्या अडखळण्याला फसला नाही. थांबला आणि मग स्वतःच्या डावीकडे झेपावून त्याने चेंडू बाहेर ढकलला. वेम्बलीतल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली गेल्याची ही पहिलीच वेळ. थोड्या वेळाने वेम्बलीत कप हातात घेणारा पहिला गोलरक्षक-कर्णधारही तोच ठरला. अकरा वर्षांपूर्वी लीगच्या दाराबाहेर उभा असलेला हा क्लब.

इथवर ही परीकथा आहे. इथून पुढे हिशेबवही.

मोटेतली पहिली गाठ सुटली ती मैदानाची. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यात लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. तोवर इंग्लंडमध्ये मैदानांवर उभं राहून सामना बघायची मोठी जागा असे, लोखंडी कठड्यांच्या मागे गर्दी दाटलेली. चौकशीनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला आणि वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची हवी, असा नियम झाला. नियम योग्यच होता, त्याबद्दल दुमत नको. पण प्लाउ लेन हे बहुतांश उभ्या प्रेक्षकांचंच मैदान होतं. ते नव्याने बांधण्याएवढा पैसा किंवा इच्छा मालकांकडे नव्हती. १९९१ मध्ये क्लब दहाएक किलोमीटरवरच्या सेलहर्स्ट पार्कात, क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबचा भाडेकरू म्हणून राहायला गेला. व्यवस्था तात्पुरती होती. ती बारा वर्षं चालली.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या क्लबचं काय होतं, ते १९९२-९३ च्या हंगामातले दोन आकडे सांगतात. जानेवारीत एव्हर्टनविरुद्धच्या सामन्याला ३,०३९ माणसं होती. मे महिन्यात मँचेस्टर युनायटेड खेळायला आला तेव्हा ३०,११५. त्या तीस हजारांतले बहुतेक कोणाचे, हे वेगळं सांगायला नको. घरच्या सामन्यालाही पाहुणेच जास्त. दरम्यान जुन्या जागेसाठी, नव्या जागेसाठी बोलणी होत राहिली आणि फिसकटत राहिली. तेव्हाचे मालक सॅम हमाम यांच्या मनात एकदा तर क्लब आयर्लंडमध्ये, डब्लिनला हलवायचं आलं होतं. ते जमलं नाही. १९९७ मध्ये त्यांनी क्लब नॉर्वेच्या दोन उद्योगपतींना विकला आणि पुढच्या वर्षी प्लाउ लेनची जमीन एका सुपरमार्केट कंपनीला. सुपरमार्केट काही तिथे झालंच नाही. आज त्या जागी इमारती आहेत आणि संकुलाला नाव दिलंय ‘रेनॉल्ड्स गेट’, त्या चार गोल करणाऱ्या एडी रेनॉल्ड्सच्या स्मरणार्थ.

१४ मे २००० रोजी, म्हणजे कप जिंकल्याला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी, विम्बल्डन पहिल्या श्रेणीतून खाली घसरलं. घसरण म्हणजे टीव्हीचा पैसा एकदम आटणं. भाड्याचं मैदान, तुरळक प्रेक्षक आणि आता उत्पन्नही नाही.

इथे मिल्टन कीन्स येतं. हे १९६७ साली सरकारने आखून वसवायला घेतलेलं शहर. रुंद रस्ते, भरपूर जागा, वाढती वस्ती, आणि व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. संगीत व्यवसायातले पीट विंकलमन यांना तिथे मोठं स्टेडियम उभं करायचं होतं, सोबत मोठी दुकानं असलेला प्रकल्प. स्टेडियमला भाडेकरू हवा आणि तो वरच्या श्रेणीतला हवा. सरळ मार्ग एकच होता, नवा संघ काढायचा आणि शिडीच्या तळापासून चढायचं. त्यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात आणि पोचण्याची खात्री नाही. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या पायरीवरच्या एखाद्या गांजलेल्या क्लबची जागाच उचलून आणायची. अमेरिकेत हे सर्रास चालतं. तिथे शिडी नाही, ठरावीक जागा आहेत, आणि मालक आपली जागा घेऊन दुसऱ्या शहरात जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये क्लब गावाचा असतो हा समज इतका मुरलेला, की त्याला धक्का देणारी मागणी अशा थराला कधी गेलीच नव्हती.

ऑगस्ट २००१ मध्ये विम्बल्डनच्या अध्यक्षांनी स्थलांतराची परवानगी मागितली. फुटबॉल लीगने नकार दिला. क्लब लवादाकडे गेला, लवादाने निर्णय पुन्हा घ्यायला सांगितलं, आणि शेवटी इंग्लंडची फुटबॉल संघटना, म्हणजे एफए, हिने तीन जणांचा स्वतंत्र आयोग नेमला. आयोगासमोरचा प्रश्न कागदावर रुक्ष होता, पण नीट पाहिलं तर तो आपलाच सुरुवातीचा प्रश्न आहे. कंपनी वाचवायची, की तिचं गावाशी असलेलं नातं? मालकांचं म्हणणं, दक्षिण लंडनमध्ये राहिलो तर कंपनी बुडेल, मग क्लबच उरणार नाही. चाहत्यांचं म्हणणं, नव्वद किलोमीटरवर गेलात तर कंपनी उरेल, क्लब नाही. २८ मे २००२ रोजी निकाल आला. दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी. चाहत्यांनी राखेतून पुन्हा ‘विम्बल्डन टाउन’सारखा संघ उभा करणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, अशा अर्थाचं एक वाक्यही निकालात होतं. त्या वाक्याचे पुढे टी-शर्ट निघाले.

चाहत्यांनी त्यानंतर जे केलं ते एरवी तावातावाने बोलून सोडून देण्यासारखं असतं. निकालानंतर दोन दिवसांत सभा झाली आणि नवा क्लब काढायचं ठरलं. नाव एएफसी विम्बल्डन. मैदान नाही, प्रशिक्षक नाही, आणि मुख्य म्हणजे खेळाडू नाहीत. म्हणून २९ जूनला निवड चाचणी ठेवली, ज्याला खेळायचंय त्याने यावं. ठिकाण विम्बल्डन कॉमन, तोच १८८९ चा माळ. सव्वादोनशेच्या वर माणसं बूट घेऊन हजर झाली. त्यांतून संघ निवडला. १० जुलैला, म्हणजे निकालानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, सटनमध्ये पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. विम्बल्डन ०-४ असं हरलं. प्रेक्षक ४,६५७. इतके लोक आत घ्यायचे म्हणून सामना उशिरा सुरू करावा लागला.

उरलेल्या मूळ कंपनीचा संघ तेव्हा सेलहर्स्ट पार्कातच होता, कारण मिल्टन कीन्समध्ये मैदान तयार नव्हतं. चाहत्यांनी बहिष्कार घातला. ऑक्टोबरमध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या एका सामन्याला ८४९ प्रेक्षक आले, आणि हा दुसऱ्या श्रेणीतला सामना होता. त्याच वेळी शिडीच्या पार खाली, आजच्या मोजणीने नवव्या पायरीवर, नवा क्लब सरासरी तीन हजार माणसांसमोर खेळत होता. जागा एकीकडे, माणसं दुसरीकडे. मोट पूर्ण सुटली ती इथे.

पुढे दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. मूळ कंपनीचं २००३ मध्ये दिवाळं वाजलं आणि कारभार न्यायालयीन प्रशासकांकडे गेला. संघ सप्टेंबरमध्ये मिल्टन कीन्सला हलला, तिथल्या हॉकी स्टेडियममध्ये. पुढच्या वर्षी विंकलमन यांनी तो घेतला, नाव ठेवलं ‘मिल्टन कीन्स डॉन्स’, बोधचिन्ह आणि रंगही बदलले. दक्षिण लंडनमधल्या क्लबची मालकी मात्र ‘डॉन्स ट्रस्ट’ या चाहत्यांच्या संस्थेकडे. वर्गणी भरा, सभासद व्हा, प्रत्येकाला एक मत. कोणी दहा पौंड आणले काय आणि दहा लाख आणले काय, मत एकच. धडा सरळ होता. गेल्या वेळी कंपनी विकली गेली, आता विकायला कोणी एकटा मालकच नको.

आता इतिहासाचं काय? १९८८ चा कप कोणाच्या खात्यात? कागदोपत्री वारसा मिल्टन कीन्सकडे होता आणि सुरुवातीला त्यांनी तो सोडलेलाही नव्हता. पण इतिहास ही अशी मालमत्ता आहे, की ती आपली आहे असं इतरांनी मान्य केलं तरच तिला किंमत. इंग्लंडमधल्या चाहत्यांच्या महासंघाने मिल्टन कीन्सच्या समर्थक संघटनेला सदस्यत्व नाकारलं. २००६ मध्ये तडजोड झाली. मिल्टन कीन्सने आपला इतिहास २००४ पासून सुरू होतो असं मान्य करायचं आणि जुन्या करंडकांच्या प्रतिकृती आणि इतर ठेवा विम्बल्डन ज्या मर्टन भागात आहे, तिथल्या नगरपालिकेकडे द्यायचा. पुढच्या वर्षी तसं झालं. न्यायालयाने नव्हे, चाहत्यांनी चाहत्यांवर आणलेल्या दबावाने. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत रोचक वाटणारा भाग हाच.

मिल्टन कीन्सच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिथल्या पोरांनी काही चोरलेलं नाही. २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचा तो गावचाच संघ आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ४-० असं धुतलं. त्या संघातला डेली अॅली हा त्याच शहरात वाढलेला पोरगा.

दक्षिण लंडनचा संघ मात्र चढत राहिला. २००३-०४ च्या साखळीत ४६ सामने, ४२ विजय, चार बरोबरी, हार एकही नाही. तो आणि त्याच्या आगेमागेचा काळ धरून साखळीतले सलग ७८ सामने अपराजित. इंग्लंडमध्ये वरिष्ठ पातळीवर हा विक्रम आहे. नऊ हंगामांत पाच बढत्या. पाचवी बढती २१ मे २०११ ला मँचेस्टरमध्ये, ल्यूटन टाउनविरुद्ध. १२० मिनिटांत एकही गोल नाही. पेनल्टींमध्ये गोलरक्षक सेब ब्राउनने दोन अडवल्या. तो लहानपणापासूनचा विम्बल्डनचा चाहता. शेवटची पेनल्टी कर्णधार डॅनी केडवेलची. त्याने ती कोपऱ्यात घालण्याच्या भानगडीत न पडता सगळा जोर लावून हाणली, जाळ्यात. एएफसी विम्बल्डन फुटबॉल लीगमध्ये. जी जागा नेली गेली होती ती परत मागितली नाही, दुसरी मिळवली.

२०१६ मध्ये हा संघ वेम्बलीवर प्लिमथला हरवून तिसऱ्या श्रेणीत चढला आणि मिल्टन कीन्स वरून त्याच श्रेणीत उतरला, म्हणजे दोघे एका पायरीवर. उरलं होतं मैदान. जुन्या प्लाउ लेनपासून अडीचशे यार्डांवर कुत्र्यांच्या शर्यतींचं एक स्टेडियम होतं, ती जागा मिळाली. पैसे कमी पडले तेव्हा २०२० च्या सुरुवातीला चाहत्यांसाठी बाँड काढले आणि ५० लाख पौंडांहून अधिक जमले. ३ नोव्हेंबर २०२० ला डॉनकॅस्टरविरुद्ध पहिला सामना झाला, २-२. एकोणतीस वर्षांनी घरी परतले, आणि करोनामुळे गेट बंद. नऊ हजारांवर प्रेक्षकांची सोय, माणूस नाही. ज्यांनी पैसे घातले त्यांनी तो सामना घरी बसून बघितला.

आता वाद उरलाय तो एका शब्दाचा. ‘डॉन्स’ हे विम्बल्डनचं जुनं टोपणनाव, गावाच्या नावातल्या शेवटच्या ‘डन’वरून पडलेलं. मिल्टन कीन्समध्ये हे अक्षर कुठेच नाही, तरी क्लबच्या नावात ते आजही आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये साखळीतल्या सामन्यासाठी मिल्टन कीन्स विम्बल्डनच्या मैदानावर आला, तेव्हा यजमानांनी धावफलकावर पाहुण्यांच्या नावातून ‘डॉन्स’ गाळलं. लीगने विम्बल्डनवर नियमभंगाचे आरोप ठेवले. पुढे ते मागे घेतले गेले. सामना मिल्टन कीन्सने २-० असा जिंकला होता.